ऐंशी वर्षांची रेघ : इंग्लंडमधल्या फ्लॅटच्या लीजवाढीमागचा इतिहास

लंडनमध्ये फ्लॅट शोधणाऱ्याला कधीतरी शेजारच्यांपेक्षा बराच स्वस्त फ्लॅट दिसतो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : लीज ७४ वर्षे. आपल्याकडच्या सोसायटीची सवय असलेला माणूस इथे फसतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये इमारत आणि जमीन सहसा फ्रीहोल्डरची, म्हणजे कायम मालकाची असते. फ्लॅटवाल्याने विकत घेतलेली असतात ती वर्षं, आणि ती दरवर्षी एकेक करून संपतात. (स्कॉटलंडमध्ये हा प्रकार नाही.)

फ्लॅट लीजवरच का, याचं एक कारण कायद्याच्या एका अडचणीत आहे. 'छताच्या दुरुस्तीचा वाटा देईन' असं फ्रीहोल्ड मालकाने लिहून दिलं, तरी ते बंधन पुढच्या खरेदीदारावर आपोआप जात नाही. १८८५च्या ऑस्टरबेरी खटल्यापासून हे पक्कं झालं. लीजमध्ये मात्र ते बंधन टिकतं. एका छताखाली वीस घरं असतील, तर बिल्डरला लीजच सोयीचं.

पहिला भडका उडाला तो फ्लॅटवरून नव्हे, घरांवरून. दक्षिण वेल्सच्या कोळसापट्ट्यात व्हिक्टोरियन काळात ९९ वर्षांच्या लीजवर घरं उभी राहिली. विसाव्या शतकाच्या मध्याला मुदती संपू लागल्या. भाडेकरूच्या खर्चाने बांधलेलं घरही भरपाईविना जमीनदाराकडे जाऊ लागलं. १९६७च्या कायद्याने अशा घरांना फ्रीहोल्ड विकत घेण्याचा किंवा ५० वर्षं वाढवून घेण्याचा हक्क दिला. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचे विश्वस्त याविरुद्ध थेट स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात गेले आणि १९८६ साली हरले. फ्लॅटवाले मात्र कायद्याबाहेरच राहिले.

त्यांना हक्क मिळाला १९९३ साली : उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं, आणि ग्राउंड रेंट (फ्रीहोल्डरला द्यायचं वार्षिक भाडं) 'मिरीच्या एका दाण्याएवढा', म्हणजे शून्य. कायदा हुजूर पक्षाच्या सरकारने केला. त्यावर चिडून ड्यूकने तो पक्षच सोडला. सवलत तोकडीच होती. अर्जदार त्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं राहिलेला असावा लागे आणि 'मॅरेज व्हॅल्यू'चा किमान निम्मा भाग फ्रीहोल्डरला जाई. लीज वाढल्यावर दोघांच्या हक्कांचं मिळून मूल्य जेवढं वाढतं, ती ही मॅरेज व्हॅल्यू.

२००२च्या कायद्याने राहण्याची अट काढून दोन वर्षांच्या मालकीची घातली, वाटणी निम्मी-निम्मी पक्की केली आणि रेघ आखली : ८० वर्षांपेक्षा जास्त मुदत उरली असेल तर मॅरेज व्हॅल्यू शून्य.

आकड्यांत पाहू. दीर्घ लीजवर ३,९६,००० आणि फ्रीहोल्ड धरून ४,००,००० पौंडांचा फ्लॅट, ग्राउंड रेंट वर्षाला १०० पौंड. पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य काढायला सर्वेयर (मूल्यांकन करणारा) भाड्याला समजा ६ टक्के आणि मुदतीअंती फ्रीहोल्डरला परत मिळणाऱ्या फ्लॅटला ५ टक्के दर लावतो. हा ५ टक्क्यांचा दर २००६च्या स्पोर्टेली निकालापासून रूढ आहे. ८१ वर्षं उरली असतील तर मुदतवाढीसाठी फ्रीहोल्डरला द्यायची रक्कम सुमारे ९,२०० पौंड. ७० उरली असतील तर तोच भाग १४,६०० होतो. शिवाय ७० वर्षांच्या लीजची आजची किंमत ३,६०,००० धरली, तर मॅरेज व्हॅल्यूचा निम्मा वाटा सुमारे १०,७०० येतो. एकूण २५,३०० च्या आसपास. फ्रीहोल्डरच्या वकील-सर्वेयरचा वाजवी खर्चही अर्जदारानेच द्यायचा.

म्हणून तारखेला मोल आहे. मूल्यांकन १९९३च्या कायद्यातल्या कलम ४२ची, म्हणजे मुदतवाढ मागणारी नोटीस बजावल्या दिवशी गोठतं. पुढची बोलणी वर्षभर चालली तरी मुदत तीच धरली जाते. फ्रीहोल्डरला उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात, आणि तो प्रस्तावित रकमेच्या १० टक्के किंवा २५० पौंड, यांतलं जे जास्त ते, अनामत मागू शकतो. किंमत जुळली नाही तर प्रति-नोटिशीपासून (फ्रीहोल्डरच्या लेखी उत्तरापासून) सहा महिन्यांत ट्रायब्युनलकडे, म्हणजे न्यायाधिकरणाकडे अर्ज हवा. इथेच माणसं घसरतात. बोलणी चालू आहेत म्हणून अर्ज राहून जातो, नोटीस मागे घेतली असं धरलं जातं आणि नवी नोटीस १२ महिने देता येत नाही. लीज ८०च्या काठावर असेल, तर तेवढ्यात रेघ ओलांडली जाते.

नोटिशीशिवाय आपसात मुदत वाढवण्याचा मार्गही होता. त्यात 'स्वस्त' वाढीच्या बदल्यात ठरावीक वर्षांनी दुप्पट होणारा ग्राउंड रेंट गळ्यात पडे. ३० जून २०२२पासून वाढीव मुदतीवर असा भाडेआकार लावता येत नाही. जुन्या उरलेल्या मुदतीचं भाडं मात्र चालू राहू शकतं. करारात हे कलम आधी वाचावं.

२०२४च्या कायद्याने ९९० वर्षांची वाढ दिली आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द केली. पण दोन वर्षांच्या मालकीची अट तेवढी ३१ जानेवारी २०२५ला गेली. ९९० वर्षं आणि नवं मूल्यांकन २०२५ संपेपर्यंत लागू झालेलं नव्हतं. ८५ वर्षं उरलेल्याला थांबायला जागा आहे. ८० वर्षं दोन महिने उरलेल्याने वाट बघणं म्हणजे संसदेच्या वेळापत्रकावर जुगार.