हायवेचा आवाज, ध्वनिरोधक भिंती आणि बेळगाव पट्टा

हायवेलगत राहणाऱ्यांना नेहमी एक उत्तर ऐकावं लागतं : "रस्त्याकडेला घर बांधलंत, मग आवाज होणारच." आपल्या भागात हे पूर्ण खरं नाही. काकती, हलगा, निपाणी इथली गावठाणं आजच्या हायवेपेक्षा कितीतरी जुनी आहेत. बेळगाव शहरातला पी. बी. रोड म्हणजे एकेकाळचा पुणे-बंगळूर रस्ता. तो गावाच्या मापाचा होता. 1999 नंतर सुवर्ण चतुष्कोन योजनेत या मार्गाचं चौपदरीकरण झालं, पुढे बेळगाव-धारवाड हा सुमारे 80 किलोमीटरचा टप्पा सहापदरी करण्यात आला. जुना 4 क्रमांकाचा महामार्ग आता 48 झाला आणि खानापूरहून गोव्याला जाणारा 4-अ आता 748. भुयारी मार्गांसाठी बऱ्याच ठिकाणी रस्ता भराव टाकून उंच केला, त्यामुळे पूर्वी घराच्या उंबऱ्याशी असलेली चाकं छपराच्या उंचीवर आली आणि आवाज दूरवर पोचू लागला.

रुंदीकरण सुरू होत होतं त्याच सुमारास, 2000 साली, केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा त्यात आहे. अवजड ट्रक पंधरा मीटरवरून गेला तर 80 डेसिबलच्या आसपास आवाज होतो, आणि दर दहा डेसिबलला कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, त्यांचे मोठ्याने लावलेले टेप वेगळेच. नियम आणि रस्ता एकाच काळातले, पण एकमेकांना भेटलेच नाहीत.

याचं एक कारण भूसंपादनाच्या पद्धतीत आहे. 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार अधिसूचनेनंतर 21 दिवसांत हरकत घेता येते, पण ती त्या जमिनीत हितसंबंध असलेल्याने. ज्याची एक गुंठाही जमीन गेली नाही, फक्त घर हायवेच्या कडेला आलं, त्याला ना नोटीस, ना भरपाई. झोप गेली तरी ती कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. हा अन्याय आहे असं मी स्पष्टच म्हणतो.

ध्वनिरोधक भिंतीची कल्पना अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात 1968 मध्ये अशी पहिली भिंत उभी राहिली आणि 1970 च्या कायद्यानंतर तिथे महामार्गाच्या आवाजाची मानकं ठरली. आपल्याकडे मुंबईत काही उड्डाणपुलांवर असे अडथळे बसले. मध्य प्रदेशात सिवनीजवळ, पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या 44 क्रमांकाच्या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी आवाज आणि दिव्यांचा झोत अडवणाऱ्या भिंती बांधल्या. प्राण्यांसाठी हे केलं ते योग्यच झालं. पण ते होऊ शकतं हेही त्यातून दिसलं.

मग आपल्याकडे अशी भिंत बांधायची म्हटलं की लोक तिलाही का घाबरतात? कारणं पटण्यासारखी आहेत. भिंत घर आणि चाकं यांच्यामधली नजरेची रेषा तोडते तेव्हा साधारण पाच डेसिबल कमी होतात, नीट बांधली तर दहापर्यंत. पण तिला फट चालत नाही. आपल्या पट्ट्यात तर फटीच फटी लागणार : शिवाराची वाट, बसथांबा, उसाच्या गाडीचा रस्ता, धाबा, पंक्चरचं दुकान. प्रत्येक वाटेसाठी भिंत तोडली की आवाज तिथूनच आत येतो. तोडली नाही तर शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला दोन किलोमीटरचा वळसा. गुळगुळीत काँक्रीटची भिंत आवाज गिळत नाही, परतवते. म्हणजे एका बाजूचं गाव वाचलं तर समोरचं अधिक त्रासात. आवाज शोषणारा पृष्ठभाग लावला तर हे टळतं, खर्च मात्र वाढतो. सर्व्हिस रोडवर भिंतीआड रात्री अंधार होईल, क्लासहून परतणाऱ्या मुली तिथून कशा येणार, हा आयांचा प्रश्न. आणि पायासाठी पुन्हा जमीन घेतील का, हा सगळ्यांचाच. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक शिवार देण्याला शेतकऱ्यांनी केलेला विरोध आणि कोर्टाची लढाई ताजी असताना ही भीती कोणी कमी लेखू नये.

झाडं लावा, असंही सुचवलं जातं. रुंदीकरणात गेलेली जुनी झाडं परत यायलाच हवीत, सावलीसाठी आणि धुळीसाठी. आवाज अडवायला मात्र एक रांग पुरत नाही, दाट झाडीचा कित्येक मीटर रुंद पट्टा लागतो आणि तेवढी जागा गावठाणाशेजारी राहिलेली नाही.

त्यात कागदाची अडचण. 1956 मध्ये हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून सरकारी कागद मराठीत मिळावेत ही मागणी चालू आहे. रस्त्याचा नकाशा हाती येतो तो बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत. भिंत कुठे तुटणार, वाट कुठे राहणार हे त्या नकाशावरच ठरतं, आणि ज्याची वाट आहे त्याला तो वाचता येत नाही. गावसभेत नकाशा मराठीत समजावून सांगावा आणि आवाजाची मोजणी रात्री, उसाच्या हंगामात, घराच्या पडवीत करावी, एवढं तरी भिंतीचं काम निघण्याआधी व्हायला हवं.