ऑर्गॅनोझिंकपासून ऑर्गॅनोटिन संयुगांची निर्मिती

ज्या संयुगांत कथिलाचा (टिनचा) अणू कार्बनशी थेट जोडलेला असतो, त्यांना ऑर्गॅनोटिन संयुगे म्हणतात. ती तयार करण्याची एक जुनी रीत ऑर्गॅनोझिंकवर, म्हणजे ज्यांत जस्ताचा (झिंकचा) अणू कार्बनशी थेट जोडलेला असतो अशा संयुगांवर, आधारलेली आहे. एडवर्ड फ्रँकलंड यांनी 1849 मध्ये डायएथिलझिंक (जस्तावर दोन एथिल गट असलेले संयुग) मिळवले. पुढे 1859 मध्ये जॉर्ज बकटन यांनी त्याची टिन टेट्राक्लोराइडशी विक्रिया घडवून टेट्राएथिलटिन तयार केले. क्लोराइडच्या एका रेणूला डायएथिलझिंकचे दोन रेणू लागतात. चारही एथिल गट कथिलावर जातात, क्लोरीन जस्ताकडे येतो. जस्त कथिलापेक्षा अधिक धनविद्युती (इलेक्ट्रॉन अधिक सहज सोडणारे) असल्याने (विद्युत्‌ऋणता अनुक्रमे 1.65 व 1.96) अदलाबदल याच दिशेने होते.

1886 मधली गोष्ट तर गमतीची आहे. लेट्स आणि कॉली या रसायनशास्त्रज्ञांना हवे होते डायएथिलझिंक, हाती लागले टेट्राएथिलटिन. त्यांच्या जस्तात कथिलाची भेसळ होती! मग त्यांनी एथिल आयोडाइड, जस्त व कथिलाची पूड एकत्र तापवून तेच संयुग मुद्दाम बनवले.

डायएथिलझिंक हवा लागताच पेट घेते. त्यामुळे 1900 मध्ये ग्रिन्यार अभिकारक (कार्बनशी मॅग्नेशियम जोडलेली संयुगे) आल्यावर ही रीत मागे पडली, यात नवल नाही. पण ग्रिन्यार अभिकारक एस्टर, कीटोन यांसारख्या गटांवरही तुटून पडतात. ऑर्गॅनोझिंक संयुगे मवाळ असतात. टिन हॅलाइड (कथिलाचे क्लोराइडसारखे संयुग) मात्र इतके क्रियाशील असते, की हा मवाळपणा आड येत नाही आणि नाजूक गट शाबूत राहतात. ॲलिल ब्रोमाइड, जस्ताची पूड व ट्रायब्युटिलटिन क्लोराइड एकाच भांड्यात घेऊन ॲलिलट्रायब्युटिलटिन बनवता येते. ही विक्रिया टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक) आणि अमोनियम क्लोराइडचे जलीय द्रावण यांच्या मिश्रणातही चालते. स्वतंत्रपणे बनवून ठेवलेले ऑर्गॅनोझिंक पाण्यात टिकले नसते. इथे ते तयार होताच खर्ची पडते.

कथिलावर नेमके एक, दोन किंवा तीनच गट बसवणे अवघड, कारण विक्रिया मध्येच थांबत नाही आणि मिश्रण मिळते. म्हणून पुष्कळदा आधी चार गटांचे संयुग पूर्ण करतात आणि मग ते टिन टेट्राक्लोराइडबरोबर योग्य प्रमाणात तापवून गटांचे फेरवाटप करतात. गटांची ही मोजणी हलक्यात घेऊ नये. फ्रान्समध्ये 1954 साली ‘स्टॅलिनॉन’ या औषधाने सुमारे 100 जण दगावले. त्यातील घटक डायएथिलटिन डायआयोडाइड होता, पण त्यात एक एथिल गट जास्त असलेले, अत्यंत विषारी ट्रायएथिलटिन मिसळले गेले होते.