श्वानपैदास केंद्रांची तपासणी: नियमांचा साठ वर्षांचा प्रवास आणि गोवा

हणजूण येथे 2024 मध्ये पिटबुल जातीच्या कुत्र्याच्या हल्ल्यात एका लहान मुलाचा जीव गेला आणि गोव्यात हिंस्र जातींच्या पैदाशीचा व पाळण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढच्याच वर्षी प्राण्यांची पैदास, पाळणूक आणि नुकसानभरपाई यांविषयीचे विधेयक विधानसभेपुढे आले. चर्चेचा भर स्वाभाविकपणे जातींवर आणि मालकाच्या जबाबदारीवर राहिला. पण प्रत्येक जातिवंत पिल्लू कोणत्या तरी मादीच्या पोटी, कोणाच्या तरी आवारात जन्मते, आणि त्या आवारात सरकारचा माणूस कधी पाऊल ठेवतो का, हा प्रश्न जातीच्या प्रश्नापेक्षा जुना आहे. जगभर या देखरेखीचे कायदे झाले ते बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने. पिंजऱ्यात वर्षानुवर्षे विणारी कुत्री त्या कायद्यांत शिरली ती मागच्या दाराने, असे माझे मत आहे, आणि तपासणीतल्या बहुतेक उणिवांचे मूळही मला तिथेच दिसते.

अमेरिकेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. 1965 मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका शेतकरी कुटुंबाची पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री नाहीशी झाली. विक्रेत्यांच्या साखळीतून ती न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पोहोचली आणि तिथेच मेली. पुढल्या वर्षी फेब्रुवारीत लाइफ साप्ताहिकाने श्वानविक्रेत्यांच्या गोठ्यांची छायाचित्रे छापली, तेव्हा लोकक्षोभ उसळला, आणि 24 ऑगस्ट 1966 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रयोगशाळांतील प्राण्यांविषयीच्या कायद्यावर सही केली. म्हणजे मुळात हा कायदा घरचे कुत्रे चोरून प्रयोगशाळांना विकणाऱ्यांविरुद्ध होता. पाळण्यासाठी पिल्ले पैदा करून घाऊक विकणारे त्याच्या कक्षेत आले ते 1970 च्या दुरुस्तीने. अंमलबजावणी कृषी खात्याकडे सोपवली गेली. मिसूरी, आयोवा, कॅन्सस या शेतीप्रधान राज्यांत हा धंदा फोफावलेला होता, आणि शेतमालाचे उत्पादन वाढवणे हे ज्या खात्याचे आयुष्यभराचे काम, त्याच्याच तपासनिसांनी त्याच शेतकऱ्यांच्या आवारात जाऊन कुत्र्यांच्या सुखदुःखाची दखल घ्यावी अशी ही रचना होती. या दोन कामांत ताण येणार हे उघड होते.

त्या कायद्याखालच्या नियमांत पिंजऱ्याचे एक सूत्र आहे, ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. कुत्र्याची नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी इंचांत मोजायची, तीत सहा इंच मिळवायचे आणि येणाऱ्या आकड्याचा वर्ग करायचा. तेवढे चौरस इंच जागा दिली की नियम पाळला गेला. दोन फूट लांबीच्या कुत्रीच्या वाट्याला या हिशेबाने अडीच फूट लांब आणि अडीच फूट रुंद, म्हणजे सव्वासहा चौरस फूट जागा येते. अंगावर पिणारी पिल्ले असतील तर प्रत्येक पिल्लामागे किमान पाच टक्के जागा वाढवायची. उंचीही डोक्याच्या वर सहा इंच असली की पुरे. तपासनिसाने टेप लावून मोजले आणि आकडा बरोबर आला, तर जागा अपुरी असल्याचा शेरा त्याला मारता येत नाही. किमान मर्यादा म्हणून लिहिलेला आकडा धंद्यात हळूहळू कमाल मर्यादा होऊन बसतो.

आणि शेरा मारला, तरी पुढे काय होते? मे 2010 मध्ये कृषी खात्याच्याच महानिरीक्षकांनी या तपासणीचा लेखाजोखा प्रसिद्ध केला. 2006 ते 2008 या आर्थिक वर्षांत ज्या 4,250 दोषी विक्रेत्यांची फेरतपासणी झाली, त्यांपैकी 2,416 जणांनी पुन्हा नियम मोडले होते. दंड झाला तरी तो इतका किरकोळ असे की धंद्याला त्याचा चटका बसत नसे. 2013 मध्ये इंटरनेटवरून परस्पर पिल्ले विकणाऱ्या मोठ्या पैदासकारांनाही परवान्याची अट लागू झाली. तोपर्यंत ते किरकोळ दुकानदारांसाठीच्या सवलतीत सुटत होते. मात्र फेब्रुवारी 2017 मध्ये खात्याने तपासणीचे अहवाल संकेतस्थळावरून काढून टाकले आणि ते परत यायला काँग्रेसचा आदेश आणि 2020 साल उजाडावे लागले. अहवाल खुले असण्याचे मोल व्हर्जिनियातल्या एन्व्हिगो कंपनीच्या प्रकरणात दिसले. संशोधनासाठी बीगल पैदा करणाऱ्या तिथल्या केंद्रात तपासनिसांनी वारंवार गंभीर दोष नोंदवले होते, तरीही न्याय खाते न्यायालयात गेले ते मे 2022 मध्ये. त्यानंतर सुमारे 4,000 कुत्री तिथून बाहेर काढली गेली. 2024 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि साडेतीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे मान्य केले.

ब्रिटनने हे काम 1973 च्या कायद्याने स्थानिक परिषदांकडे दिले. एका मादीला वर्षाची होईपर्यंत फळवू नये, आयुष्यात सहापेक्षा अधिक वेत होऊ नयेत आणि दोन वेतांत बारा महिन्यांचे अंतर असावे, ही बंधने 1999 मध्ये आली. 2020 पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालील पिल्ले दलालामार्फत विकता येत नाहीत. ग्राहकाला पैदासकाराकडे किंवा निवारागृहाकडेच जावे लागते. इथे मात्र कायद्याला नावच एका कुत्रीचे मिळाले. वेल्समधल्या पैदास केंद्रातून 2013 मध्ये सोडवलेली ल्यूसी ही कॅव्हेलियर जातीची मादी होती.

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा पहिला देशव्यापी कायदा 1890 चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1953 मध्ये राज्यसभेत त्याची जागा घेणारे खासगी विधेयक मांडले, आणि त्यातून पुढे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व 1962 मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ उभे राहिले. रुक्मिणीदेवीच मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. गोव्यात हा कायदा सर्वाधिक गाजला तो कुत्र्यांसाठी नव्हे, धिरयोंसाठी. 1996 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने बैलांच्या झुंजी या कायद्याच्या आधारे बंद केल्या. त्या निकालावर आजही गावागावांत वाद होतो. कायदा मात्र त्यामुळेच घराघरांत माहीत झाला.

पैदासकारांकडे केंद्राचे लक्ष वळायला आणखी दोन दशके गेली. विधी आयोगाने ऑगस्ट 2015 मध्ये आपल्या 261 व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि कुत्र्यांची पैदास यांवर नियमन हवे असे सांगितले. एप्रिल 2016 मध्ये व्यापारी हेतूने कुत्री आयात करण्यावर बंदी आली. मे 2017 मध्ये श्वानपैदास व विक्रीचे नियम निघाले. दुर्दैव असे की त्याच महिन्यात गुरांच्या बाजारांविषयीचे नियमही निघाले, देशभर वादळ उठले, मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली, आणि त्या गदारोळात कुत्र्यांचे नियम वाचले कोणी?

ते वाचण्यासारखे आहेत. कोणत्याही पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, तीही जागेची पाहणी झाल्यावर. मादी किमान अठरा महिन्यांची आणि पशुवैद्याने निरोगी ठरवलेली असावी, वर्षातून एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेत होऊ नयेत, आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकू नये, प्रत्येक कुत्र्याला मायक्रोचिप असावी आणि वेतांची व विक्रीची नोंदवही ठेवावी. वय आणि वेत यांबाबत हे नियम 1999 च्या ब्रिटिश बंधनांपेक्षा कडक आहेत. इथे प्रथमच आपल्या कायद्याच्या मध्यभागी विणारी कुत्री आली, याचे मला मनापासून समाधान वाटते. पण हे नियम ज्या 1960 च्या कायद्याच्या कलम 38 खाली केले गेले, त्यात नियमभंगाला शिक्षा आहे ती शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जातिवंत पिल्लाची किंमत पाच आकड्यांत जाते. दंड वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर 2022 मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता.

गोव्यापुरती अडचण थोडी वेगळी आहे. इथे मिसूरीसारखी शेकडो पिंजऱ्यांची शेड शोधावी लागत नाही. पैदास होते ती बहुधा घराच्या मागल्या पडवीत, भाड्याच्या बंगल्याच्या आवारात, एखाद्या सदनिकेच्या बाल्कनीत, आणि विक्री होते मोबाइलवर. बरीच पिल्ले राज्याबाहेरून येतात. त्यांची आई कुठे आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. जाड लोकरीची हस्की म्हापशाच्या मे महिन्यातल्या उकाड्यात धापा टाकताना दिसते, आणि पावसाळ्यात ओल व गोचिडांनी बेजार झालेली अशी कुत्री पशुवैद्याच्या टेबलावर येतात. पैदासकाराच्या जागेची खरी परीक्षा करायची तर ती जुलैत करावी: पाणी वाहून जाते का, फरशी सुकते का, आठ आठवड्यांचे म्हणून विकले जाणारे पिल्लू खरोखर तेवढ्या वयाचे आहे का, आणि नोंदवहीतला चिपचा क्रमांक समोरच्या मादीच्या मानेवर स्कॅनर फिरवल्यावर जुळतो का.

हे काम गोव्याच्या आवाक्याबाहेरचे आहे असे मुळीच नाही. मिशन रेबीजच्या मोहिमेत लस टोचणारी पथके गावोगाव फिरली, टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइल अॅपवर झाली, आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित घोषित झाले. रस्त्यावरच्या कुत्र्याची अशी मोजदाद करू शकणाऱ्या पशुसंवर्धन खात्याला आणि 191 पंचायतींना फाटकाआडच्या पैदासकाराची यादी करणे जड जाऊ नये. राज्याच्या नव्या कायद्याखाली नियम लिहिले जातील तेव्हा जातींच्या यादीइतकीच काळजी तीन साध्या गोष्टींची घ्यावी: पिल्लाच्या प्रत्येक जाहिरातीत नोंदणी क्रमांक सक्तीचा असावा, पाहणी पूर्वसूचनेशिवाय व्हावी, आणि पाहणीचा अहवाल पशुवैद्याच्या सहीसह महिन्याभरात खात्याच्या संकेतस्थळावर यावा, म्हणजे पिल्लू आणायला निघालेल्या कुटुंबाला तो आधी वाचता येईल.