इन्व्हर्टरच्या बोर्डावर ग्राउंड एकच नसतो

विद्युत उपकरणांची चाचणी करणारी ‘एर्डा’ ही संस्था जिथे आहे, त्या बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत पंप, पंखे आणि कॉम्प्रेसर यांचा वेग सांभाळणारे थ्री-फेज ड्राइव्ह, म्हणजेच इन्व्हर्टर, जागोजागी दिसतात. त्यांची दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलावर तडकलेली आयजीबीटी (मोठा प्रवाह झपाट्याने चालू-बंद करणारा अर्धवाहक स्विच) मॉड्यूलही तितकीच नेहमीची असतात. ‘गेटला सिग्नल बरोबर येतोय, तरी लोड घेतला की मॉड्यूल उडतं’ ही तक्रार ऐकली, की मॉड्यूलच्या दर्जावर बोट ठेवण्याआधी गेटचा, म्हणजे या स्विचला हुकूम देणाऱ्या टोकाचा, प्रवाह परत कोणत्या वाटेने जातो हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा एकदिश केला की डीसी बसवर (एकदिश प्रवाहाच्या धन-ऋण पट्ट्यांच्या जोडीवर) सुमारे ५८५ व्होल्ट मिळतात, आणि तीन फेजसाठी वरखाली जोडलेले सहा आयजीबीटी हा दाब क्रमाने मोटारीकडे सोडतात. प्रत्येक आयजीबीटीला चालू करण्यासाठी गेट ड्रायव्हर (गेटला सिग्नल पुरवणारे सर्किट) साधारण १५ व्होल्ट देतो. पाच-सहा व्होल्टच्या आसपास आयजीबीटीतून प्रवाह वाहू लागतो. मात्र हे व्होल्ट मोजायचे ते त्याच्या स्वतःच्या एमिटरच्या (मुख्य प्रवाह ज्या टोकातून बाहेर पडतो त्याच्या) तुलनेत. बोर्डावर इतरत्र ज्याला आपण शून्य किंवा ग्राउंड म्हणतो, त्याच्याशी आयजीबीटीला काही देणेघेणे नसते.

तांब्याच्या एक सेंटिमीटर ट्रॅकला ढोबळमानाने १० नॅनोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) असतो, आणि मल्टिमीटरवर तो ट्रॅक अगदी शॉर्ट दिसतो. पण १०० अँपिअरचा प्रवाह १०० नॅनोसेकंदांत चढला, तर तेवढ्याशा तुकड्यावर १० व्होल्ट उभे राहतात. मोटारीचा मुख्य प्रवाह आणि गेटचा परतीचा प्रवाह या दोघांनाही तोच तुकडा सामाईक असेल, तर ड्रायव्हरने पाठवलेल्या १५ व्होल्टमधून चालू होताना हे १० वजा होतात. बंद होताना दिशा उलटते, आयजीबीटी रेंगाळत बंद होतो आणि वाया जाणारी ऊर्जा उष्णता बनून त्याच्याच अंगात साठते. म्हणूनच मोठ्या मॉड्यूलवर जाड पॉवर टर्मिनलांखेरीज एमिटरची एक बारीक पिन निराळी दिलेली असते. गेटची परतीची तार त्या पिनेवरच जोडावी. गेटची आणि तिची अशा दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, कारण दुरुस्तीच्या वेळी त्या लांबवून पीळ सोडला, की बिघाडाला आपणच दार उघडून दिलेले असते.

खालच्या तीन आयजीबीटींची गोष्ट अधिक फसवी आहे. तिघांचेही एमिटर ऋण बसला जोडलेले असल्यामुळे तिन्ही ड्रायव्हरांना एकच पुरवठा पुरेल असे वाटते, आणि लहान ड्राइव्हमध्ये तो चालूनही जातो. परंतु एका फेजचा प्रवाह वेगाने बदलला की बसच्या त्या भागावर दाब निर्माण होतो, आणि बसला समांतर असलेल्या ड्रायव्हरांच्या बारीक परतीच्या ट्रॅकमधून प्रवाह फिरू लागतो. बंद असायला हवा असा शेजारच्या फेजचा खालचा आयजीबीटी त्यामुळे क्षणभर चालू झाला आणि त्याच वेळी त्याच्या वरचाही चालू असला, तर पूर्ण बस शॉर्ट होते. असा शॉर्ट बरेचसे आयजीबीटी १० मायक्रोसेकंदांच्या आसपासच सोसू शकतात. मोठ्या ड्राइव्हमध्ये प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र, विलग पुरवठा देणे हाच खात्रीचा उपाय होय. ते शक्य नसेल, तर गेट रेझिस्टरचा छोटा हिस्सा परतीच्या वाटेत घालून फिरता प्रवाह रोखता येतो.

वरच्या आयजीबीटीचा एमिटर तर फेजबरोबर शून्य ते ५८५ व्होल्टमध्ये सतत झोके घेतो. तेथील ड्रायव्हरच्या खालून कंट्रोलच्या (सिग्नल तयार करणाऱ्या सर्किटच्या) ग्राउंडचे तांबे नेले, तर दोघांमध्ये नकळत कपॅसिटर तयार होतो. तो १० पिकोफॅरडचा असला आणि दाब नॅनोसेकंदाला १० व्होल्ट या वेगाने बदलला, तर १०० मिलिअँपिअर प्रवाह थेट कंट्रोलमध्ये शिरतो, म्हणून या दोन भागांमधली पट्टी बोर्डाच्या प्रत्येक थरात मोकळी सोडावी लागते.

हे तपासताना ऑसिलोस्कोपच्या ग्राउंड क्लिपची लांब तारसुद्धा एक लूपच असते आणि प्रत्यक्षात नसलेली दाबाची उसळी पडद्यावर दाखवते. मोजमाप ड्रायव्हरच्या पायावर न घेता मॉड्यूलच्या गेट आणि एमिटरच्या पिनांवर घ्यावे. साधी क्लिप अर्थला जोडलेली असते आणि ती लावताच स्फोट होऊ शकतो, म्हणून पॉवरच्या बाजूला, विशेषतः वरच्या आयजीबीटीवर, दोन बिंदूंमधला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रोबच वापरावा.