पार्श्वभूमी: ताशी 98 मैल, पण मोजले कुठे?

बेसबॉलमध्ये तरुण रिलीव्हरच्या (सामना सुरू झाल्यावर बदली म्हणून येणाऱ्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या) स्काउटिंग अहवालात, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्याच्या टिपणात, आधी वेग लिहिलेला असतो: ‘95-97 वर टिकतो, 99 ला लागतो.’ स्लायडर (आडवा वळणारा चेंडू), कंट्रोल, हाताची फेक हे सगळे त्याच्याखाली. बाकी मते स्काउटची, वेग मात्र यंत्राने सांगितलेला, म्हणून त्यावर कोणी वाद घालत नाही. घालायला हवा होता.

1912 मध्ये कनेक्टिकटमधल्या एका काडतूस कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या काळातल्या सर्वांत वेगवान पिचरचा चेंडू सेकंदाला 122 फूट, म्हणजे ताशी 83 मैल भरला. 1946 मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर लष्करी यंत्राने दुसऱ्या एकाचा 98.6 नोंदवला. दोन्ही आकडे चेंडू प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजापाशी पोचल्यावरचे. हातातून सुटल्यापासून तिथवर चेंडूचा आठ-दहा टक्के वेग हवेतच जातो, त्यामुळे हे आकडे आजच्यांच्या शेजारी ठेवून उपयोग नाही. 1958 मध्ये मेरीलँडच्या लष्करी तळावर एका डावखुऱ्याची परीक्षा झाली. आदल्या दिवशीच तो सामन्यात खेळला होता, पायाखाली माउंडही (पिचर जिथून टाकतो तो उंचवटा) नव्हता. यंत्राच्या टप्प्यात एक चेंडू पडायला बराच वेळ गेला आणि आकडा आला 93.5. मोठ्या लीगमध्ये तो कधीच पोचला नाही. ज्यांनी त्याला पाहिले ते 110 ची शपथ घेत. वेग असून दिशा नसणे म्हणजे काय, हे समजायला मायनर (खालच्या) लीगमधला त्याचा हिशेब पुरेसा आहे: तेराशेच्या वर स्ट्राइकआउट (चेंडू न लागल्याने बाद झालेले फलंदाज) आणि जवळपास तेवढेच वॉक (दिशाहीन चेंडूंमुळे फुकट पहिल्या बेसवर गेलेले).

खरी गुंतागुंत 1974 नंतरची. मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला, गाड्यांचा वेग पकडणाऱ्या पोलिसांच्या रडारने चेंडू मोजावा अशी कल्पना सुचली. काही वर्षांत प्लेटमागच्या खुर्च्यांत बसलेल्या प्रत्येक स्काउटच्या हातात रडार गन आली. पण गन दोन जातींच्या. एक चेंडूला हातातून सुटताच पकडायची, दुसरी तो बराच पुढे आल्यावर. बोलीत त्यांना ‘फास्ट गन’ आणि ‘स्लो गन’ म्हणत, आणि दोघींत तीन-चार मैलांचे अंतर पडे. म्हणजे त्याच दुपारी, त्याच पोराचा तोच चेंडू एका क्लबच्या वहीत 94 आणि दुसऱ्याच्या वहीत 90. स्काउटांच्या 20 ते 80 च्या श्रेणीत, जिथे 50 म्हणजे सर्वसाधारण, एवढ्या फरकाने पोराची किंमतच बदलते. जुन्या अहवालात कोणती गन हे लिहिले नसेल, तर त्यातला वेग निव्वळ अंदाज समजावा.

हा घोळ कॅमेरे आल्यावरही मिटला नाही. 2010 मध्ये सॅन डिएगोला एका डावखुऱ्या रिलीव्हरने टाकलेला चेंडू 105.1 नोंदवला गेला. तेव्हाची प्रणाली प्लेटपासून 50 फुटांवर मोजत असे. 2017 पासून वेग हातातून सुटतानाचा धरू लागले आणि त्या जुन्या चेंडूची नोंद 105.8 झाली. चेंडू दप्तरात पडल्या पडल्या वेगवान झाला! (2003 च्या विश्वचषकातला ताशी 161.3 किलोमीटरचा चेंडू आपल्याला तोंडपाठ आहे. तो बेसबॉलच्या मापात 100 मैलांच्या किंचित वर बसतो.)

रिलीव्हर ही वेगळी जात म्हणून अहवालात आली ती त्यामानाने उशिरा. ‘सेव्ह’ची, म्हणजे रिलीव्हरने शेवटी आघाडी राखून सामना जिंकून दिल्याची, अधिकृत नोंद 1969 पासूनची. त्यानंतरही कितीतरी वर्षे स्काउटच्या लेखी रिलीव्हर म्हणजे स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) व्हायला कमी पडलेला पोर: दोनच पिच (चेंडूचे प्रकार), कंट्रोल डळमळीत, तर पाठवा बुलपेनला, रिलीव्हरांच्या ताफ्यात. वर्गवारीच अशी नकारातून झाल्यामुळे निव्वळ रिलीव्हरला एकूण श्रेणीत 50 च्या वर नेताना आजही हात आखडतो. काही नामवंत क्लोझर (सामना संपवायला येणारे रिलीव्हर) तर मुळात शॉर्टस्टॉप (क्षेत्ररक्षक) किंवा कॅचर (यष्टिरक्षकासारखा) होते. हाताची ताकद दिसली म्हणून त्यांना माउंडवर आणले. 2008 मध्ये भारतात गन घेऊन शोध झाला, तोही याच तर्काने. त्यातून निवडलेले दोघे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू होते. पिट्सबर्गच्या क्लबने त्यांच्याशी करार केला, मोठ्या लीगपर्यंत कोणीच गेले नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत वेग शोधण्यापेक्षा घडवण्याची गोष्ट झाली आहे. जड चेंडूंचा सराव, हाय-स्पीड कॅमेरे यांनी तीन-चार मैल वाढवता येतात, त्यामुळे आज 95 म्हणजे बुलपेनमधला नेहमीचा माणूस. 2020 च्या नियमाने रिलीव्हरला किमान तीन फलंदाजांना किंवा डावाच्या अखेरपर्यंत टाकावे लागते, तेव्हा एकाच डावखुऱ्या फलंदाजासाठी ठेवलेला पिचर कालबाह्य झाला. स्काउट आता चेंडू किती उंचीवरून सुटतो, फास्टबॉल (सरळ वेगवान चेंडू) किती कमी खाली पडतो, हे आधी विचारतात.

कोपराच्या तुटलेल्या लिगामेंटची (हाडे जोडणाऱ्या पट्ट्याची) पहिली पुनर्बांधणी शस्त्रक्रियाही 1974 चीच. डिसेंबर 2024 मध्ये खुद्द लीगच्या अहवालाने पिचरांच्या दुखापतींचे खापर वेगाच्या मागे धावण्यावर आणि प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकण्यावर फोडले. ‘99 ला लागतो’ वाचले की क्लब आता कोपराचा एमआरआय मागवतात.