खुब्यात पू आणि 'बॉल काढणे': थोडी पार्श्वभूमी

ठाण्यात कुणी सांगितलं की "त्यांच्या खुब्याचा बॉल काढला", तर समोरचा लगेच विचारतो, मग नवा बसवला का? सगळा घोळ इथेच आहे. बॉल बदलणं वेगळं आणि बॉल काढून जागा मोकळी सोडणं वेगळं, आणि पू झालेल्या पेशंटच्या घरच्यांना हा फरक बऱ्याचदा ऑपरेशनच्या आदल्या रात्री कळतो, याचं मला खूप वाईट वाटतं.

पेनिसिलिन यायच्या आधी मुख्यतः चिरा देऊन पू वाहू द्यायचा, हेच हातात होतं. 1943 मध्ये गर्डलस्टोन नावाच्या एका इंग्रज सर्जनने पू झालेल्या खुब्यासाठी जे ऑपरेशन मांडलं ते फार मोठं होतं, मांडीच्या हाडाचा गोळा (म्हणजेच बॉल) आणि त्याखालची मान तर काढायचेच, शिवाय गोळा ज्यात बसतो त्या वाटीची कड आणि बरेचसे स्नायूही, आणि जखम उघडीच ठेवायची. आज त्याच सर्जनच्या नावाने जे होतं त्यात फक्त गोळा आणि मान जाते, म्हणजे नाव तेच पण ऑपरेशन कितीतरी लहान. त्यातही आता ते जास्त करून बसवलेला कृत्रिम सांधा इन्फेक्शनमुळे काढावा लागला की करतात.

असा बॉल काढून जागा मोकळी सोडली की पाय काही सेंटीमीटर आखूड होतो, लंगडणं येतं, काठी लागते, म्हणून याला शेवटचा उपाय समजतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण त्यानंतर मांडी घालून आणि उकिडवं बसता येतं, आणि कळवा-मुंब्र्याच्या चाळीत देशी संडास वापरणाऱ्या माणसाला ही छोटी गोष्ट नाही!

1970 च्या आसपास जर्मनीत कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसवायच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळायला लागले आणि चित्र बदललं. आता आधी खराब सांधा काढून त्या जागी औषधी सिमेंटचा स्पेसर, म्हणजे तात्पुरता ठोकळा ठेवायचा, इन्फेक्शन गेलं की नवा सांधा. काही सर्जन एकाच वेळी काढून बसवतात, त्यावरून वाद अजून चालू आहे.

कमरेमागच्या सॅक्रोइलियाक सांध्यात (माकडहाडाच्या वर, कणा आणि कमरेचं हाड जुळतात तिथे) पू झाला तर मात्र वेगळं आहे. दुखणं कुल्ल्यात येतं, लोक सायटिका समजून महिनोन्‌महिने शेकत बसतात. एमआरआय आल्यापासून ते लवकर सापडतं आणि बहुतेकांचं अँटिबायोटिकवर भागतं, गळू धरलं किंवा औषध लागू पडलं नाही तरच सर्जन लागतो. लहान मुलाच्या खुब्यात मात्र थांबायची सोयच नाही, आतल्या पुच्या दाबाने गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून सांधा लगेच उघडून धुतात.