आठच्या आकड्यापलीकडे: मुंबईतील प्रगत दुचाकी-प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

मुंबईकर दुचाकी चालवायला शिकला तो बहुधा थोरल्या भावाकडून, सोसायटीच्या आवारात, आणि ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस’ हा त्यातला पहिला धडा असे. हा धडा स्कूटरच्या काळातला, जेव्हा चाके लहान होती, ब्रेक ड्रमचे होते आणि भरवसा पायाखालच्या मागच्या ब्रेकवर असे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर १०० सीसीच्या मोटारसायकली आल्या, पुढे डिस्क ब्रेकही आले, पण धडा बदलला नाही. वास्तविक ब्रेक लावताच भार पुढच्या चाकावर जातो आणि गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. ‘प्रगत’ म्हणवणारे प्रशिक्षण नेमके येथून सुरू होते, त्यामुळे ते शर्यतीच्या हौशींसाठी असते हा समज चुकीचा आहे. आरटीओच्या परीक्षेत पाय न टेकता काढलेला आठचा आकडा संथ वेगातील तोल तपासतो. टॅक्सीचा दरवाजा अचानक उघडल्यावर चालक काय करील, हे त्यातून कळत नाही.

ही उणीव प्रशिक्षणाने भरून काढण्याऐवजी शहराने रस्ते बंद करण्याचा मार्ग धरला. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला तोच दुचाकींना वगळून. २०१० मध्ये जे. जे. उड्डाणपुलावर बंदी आली, मग पूर्व मुक्त मार्गावर, आणि २०२४ मध्ये अटल सेतू व किनारी रस्त्यावरही. यांपैकी जे. जे. पुलाचा निर्णय वादग्रस्त ठरला, कारण तेथे दुचाकी आधी धावत होत्या. वळणांवरचा वेग जीवघेणा ठरतो, हे बंदीच्या समर्थकांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याच चालकाला पुलाखालच्या मोहम्मद अली रोडवरील हातगाड्या, पादचारी आणि बसगाड्यांच्या गर्दीत लोटल्याने तो अधिक कुशल कसा होणार, याचा विचार झाल्याचे दिसत नाही. वळणात शिरण्यापूर्वी वेग उतरवणे आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवणे या शिकवता येण्याजोग्या गोष्टी आहेत, बंदीच्या फलकाने त्या येत नाहीत.

त्यानंतरचा भर यंत्रावर आणि दंडावर राहिला. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) सक्तीचे झाले, २०२२ मध्ये मागे बसणाऱ्यालाही मुंबईत हेल्मेटची सक्ती झाली. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, हे खरे. मात्र पुढचा ब्रेक घट्ट दाबायचा असतो हे ज्याला कोणी सांगितलेलेच नाही, त्याला त्याचा पुरता लाभ होत नाही. दरम्यान प्रगत प्रशिक्षण हे खासगी, सशुल्क आणि बहुधा महागड्या मोटारसायकलींच्या मालकांचे राहिले. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला त्यासाठी एका दिवसाची कमाई सोडावी लागते.